मुक्तीची दिनचर्या

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे पहिला वाद उभा राहतो तो त्यांच्या धर्मांतराचा. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1893 मध्ये शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या कारणावरून रानडे व भांडारकर यांनी सदनाशी असलेला सल्लागाराचा संबंध सोडला. हा इतिहास खराच. परंतु बाईंनी कोणता धर्म घेतला हे विचारताना, तो त्या रोज कशा जगल्या हे विचारायचे आपल्याकडून राहूनच गेले.

त्याचे उत्तर केडगावी मिळते. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आल्या. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तिसदनाचा संसार दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या जणींचे पोट केवळ प्रार्थनेवर कसे भरावे? धान्य निवडायचे, रांधायचे. शेत, गोठा, माग सांभाळायचे. जिचे तोंड सकाळी दिसू नये म्हणून घरची माणसे जपत, त्या विधवेच्या हातचे आता शेकडो जणी जेवत होत्या. उपकाराचे अन्न खाणारी आणि दुसऱ्याला वाढणारी, यांत जे अंतर आहे ते बाईंनी ओळखले होते.

सदनात छापखानाही होता. ज्यांना 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविले, त्या बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक यांच्या अभ्यासाला बसल्या आणि साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवू लागल्या. खिळे जुळवायला, पाने छापायला सदनातल्याच मुली. जिला कालपर्यंत अक्षर ओळखीचे नव्हते, तिच्या बोटांतून शास्त्र उमटू लागले!

त्या घरात काम आणि धर्मशिक्षण हातात हात घालून चालत. त्याबद्दल कोणी आक्षेप घेतला तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण भाकरी आणि भक्ती यांची वेगवेगळी दालने बाईंना मान्यच नव्हती. 1921 साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा गेली. आईने तेही दुःख पोटात घालून मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. त्यांचा धर्म ज्याला पाहायचा असेल, त्याने वाँटेजच्या बाप्तिस्म्यापाशी न थांबता या दिनचर्येपर्यंत यावे.