नवाचा ताळा

गेल्या शनिवारी भाचीचा गृहपाठ घेत होतो. प्रश्न: ४५२७ ला ९ ने नि:शेष भाग जातो का? तिने अंकांची बेरीज केली, १८ आली, आणि "जातो" म्हणून मोकळी झाली. मग विचारते, "पण मामा, असं का होतं?"

आयला! मी हे शाळेत शेकडो वेळा केलंय, पण 'का' कधी विचारलंच नाही.

युक्ती फार जुनी. दहाव्या शतकाच्या सुमारास दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्ता'त ती गणित तपासण्यासाठी येते. पुढे १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने 'लिबेर अबाची'त ती दिली. ४७ × ३८ = १७८६ घ्या. ४७ ची अंकबेरीज ११, म्हणजे २. ३८ चीही २. गुणाकार ४. इकडे १७८६ चे २२, म्हणजे ४. ताळा जुळला!

पण घाईत १७६८ लिहिलंत तरी तो जुळतोच. म्हणजे ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जुळला म्हणून उत्तर बरोबर असेलच असं नाही. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, सगळ्या टेस्ट पास, तरी बग शिल्लक. कुठल्या चुका निसटतात हे कळायला 'का' कळावं लागतं.

आणि ते अगदी सोपं आहे. १० = ९ + १, १०० = ९९ + १, १००० = ९९९ + १. म्हणून

४५२७ = (४×९९९ + ५×९९ + २×९) + (४ + ५ + २ + ७)

पहिल्या कंसाला ९ ने भाग जातोच. उरली अंकांची बेरीज! अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच, म्हणून १७६८ निसटतं.

पास्कालने हेच कुठल्याही भाजकासाठी करून दाखवलं. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६६५ मध्ये छापलं गेलं. ७ ने भागल्यावर १०, १००, १००० ची बाकी ३, २, ६ उरते. मग ४×६ + ५×२ + २×३ + ७ = ४७. त्याला ७ ने भाग जात नाही, म्हणजे ४५२७ लाही नाही. १८०१ मध्ये चोवीस वर्षांच्या गाउसने या बाक्यांच्या हिशोबाला स्वतंत्र चिन्हच दिलं. आपण कोडमध्ये बाकी काढायला % लिहितो, तो हाच हिशोब.

भाचीला एवढं सांगितलं, तर लगेच पुढचा प्रश्न: "मग ११ चं?"

म्हटलं, १० = ११ − १. आता तू कर. दहा मिनिटांत केलं तिने. तुम्हीही करून बघा.