डोळे आधी पोचले, हात मागून

यंत्र डोक्यावर चढवण्याआधी चष्मा काढून ठेवा, नाहीतर काचा नाकावर रुततील. मागचा पट्टा कोणीतरी आवळतं, वजनाने मान किंचित पुढे झुकते आणि खोली दिसेनाशी होते. साल 1993. बाहेर कॅलिफोर्नियातलं मॉफेट फील्ड आहे, नासाचं एम्स संशोधन केंद्र आहे, पानगळीच्या दिवसांतलं मऊ ऊन आहे. तुमच्या डोळ्यांपुढे मात्र दोन छोटे पडदे आणि त्यांत अंटार्क्टिकाचा समुद्र, तोही बर्फाच्या खालून पाहिलेला.

मान डावीकडे वळवा. काही होत नाही. मग होतं. चित्र उशिरा, जरा हिसका देत सरकतं. तिकडे बर्फाखाली एक छोटं पाणयान तरंगतंय, नाव ट्रॉव्ह. त्याच्यावर दोन कॅमेरे डोळ्यांसारखे शेजारी शेजारी बसवलेत आणि तुमची मान जिकडे वळेल तिकडे ते वळतात. फक्त मधे अंतर फार आहे. मानेची खबर सुमारे 36,000 किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे जाते, तिथून खाली मॅकमर्डो तळावर, तिथून बर्फातल्या भोकातून केबलने पाण्यात. चित्र त्याच वाटेने परत. प्रकाशाच्या वेगाने धावूनही या फेरीत जवळपास अर्धा सेकंद जातो. फोनवर बोलताना एवढी खोटी चालून जाते, मानेला ती चालत नाही. कान सांगतो वळलो, डोळे सांगतात नाही, आणि या भांडणाची शिक्षा पोटाला. तेव्हा डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी मान वळवा, सावकाश.

आणखी एक गंमत. मॅकमर्डो न्यूझीलंडच्या घड्याळावर चालतं. इथे मंगळवारची दुपार आहे, तिथे बुधवारची सकाळ. म्हणजे तुम्ही पाहताय तो उद्याचा समुद्र. कालयानाचं अर्धं भाडं इथेच वसूल झालं म्हणायचं.

वर बघा. छत आहे ते गोठलेल्या समुद्राचं, दोन मीटरच्या आसपास जाड. त्यातून निळा उजेड झिरपतो. पाण्याचं तापमान उणे 1.9 अंश, मीठ आहे म्हणून ते अजून पाणी आहे. वसंतात, सूक्ष्म वनस्पतींचा बहर यायच्या आधी, इथलं पाणी इतकं नितळ असतं की शंभर मीटरपलीकडचंही दिसावं. तुम्हाला तेवढं दिसणार नाही, कारण पडदे दाणेदार आहेत. 1993 मधल्या पडद्यांकडून याहून जास्त मागू नका. पण दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळताहेत, त्यामुळे खोली कळते, आणि खोली कळली की मेंदू बाकीची उधारी स्वतःहून भरून काढतो. पाचेक मिनिटांत खुर्ची विसरायला होतं.

खाली उतरा. पहिले पंधरा मीटर तळ जवळजवळ उघडा. इथे तळाला चिकटूनच बर्फ वाढतो, दगडावर बसलेल्या जिवाला वेढतो आणि हलका म्हणून त्याला घेऊन वर निघून जातो. अशा जागी बिऱ्हाड कोण थाटणार? लाल तारामासे आणि समुद्री साळी येतात, चरतात, जातात. त्याखाली समुद्रफुलं आणि मऊ प्रवाळ. आणि तेहतीस मीटरच्या खाली, जिथे तळबर्फाचा हात पोचत नाही, तिथे स्पंजांचं राज्य, काही तर माणसाच्या उंचीचे. ही मजल्यांची रचना सागरी जीवशास्त्रज्ञ पॉल डेटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात स्वतः बुड्या मारून उलगडली. तुम्हाला ती उबदार खोलीत बसून दिसतेय. थोडं ओशाळल्यासारखं वाटलं तर वाटू द्या. त्या पाण्यात पाणबुड्याची बोटं कितीही जाड हातमोज्यांत बधिर होत जातात आणि वर यायची वेळ तीच ठरवतात. ट्रॉव्हला बोटं नाहीत, म्हणून त्याला घाईही नाही.

पण नासाला तारामाशांचं काय? या प्रयोगाच्या प्रमुख कॅरल स्टोकर यांचं लक्ष मंगळावर होतं. मंगळापर्यंत एक संदेश जायलाच तीनपासून वीसहून अधिक मिनिटं लागतात, तिथे मानेमागे कॅमेरा फिरवण्याचा खेळ चालणारच नाही. म्हणून एम्सच्या मंडळींनी दुसरी वाट शोधली. कॅमेऱ्यांनी दिलेल्या चित्रांतून संगणकात तळाचा उंचसखल नकाशा उभा करायचा, यानाची जागा त्यात दाखवायची, आणि चालकाने हव्या तेवढ्या निवांतपणे त्या रचलेल्या जगात फिरायचं. 1997 मध्ये नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं तेव्हा शास्त्रज्ञांसाठी असंच त्रिमितीय भूदृश्य एम्समध्ये तयार झालं. आज ज्याला मिश्र वास्तव म्हणून नवलाईने विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं या बर्फाखाली गिरवून झालेलं होतं.

आता एक करा. समोरच्या स्पंजाला हात लावायला जा.

हात हवेत जातो, खोलीतल्या. डोळे तिथे आहेत, हात इथे. प्रवाहाने यान ढकललं तर अंगाला कळत नाही. केबल कुठे अडकली तर ते चित्र हलेनासं झाल्यावरच कळतं. डोळ्यांना फसवणं सोपं असतं. हाताला काही द्यावं लागतं.

ते द्यायला वेळ लागला, म्हणून यंत्र उतरवा आणि आधी 1993 च्याच मे महिन्यात या. भूमध्य समुद्र, फ्रान्सच्या तुलाँ बंदराजवळ. माणसं पोटात घेऊन जाणाऱ्या ‘नॉटिल’ या फ्रेंच पाणबुडीला नव्वदेक मीटरवर एक बुडालेलं जहाज सापडलंय: तोफा, भांडी, गाळ. जहाजाचं नाव ‘ला ल्यून’, म्हणजे चंद्र.

ते बुडताना पाहायचं तर 329 वर्षं मागे चला. नोव्हेंबर 1664. उत्तर आफ्रिकेतल्या जिजेल्लीवरची फ्रेंच मोहीम फसलीय आणि राजा चौदाव्या लुईचे शेकडो सैनिक या म्हाताऱ्या जहाजात कोंबलेत. तळाच्या फळ्या पाणी घेताहेत, उपसणारे थकलेत. बंदर समोर दिसतंय, तरी प्लेगच्या भीतीने हुकूम येतो की बेटावर जा, तिथे वेगळे राहा. जहाज वळतं आणि वाटेतच दुभंगतं. वाचले ते अगदी थोडे. (त्याच महिन्याच्या 25 तारखेला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात लागला. यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) तुम्ही तिथे फार रेंगाळू नका; बुडणाऱ्यांना तुमचा काही उपयोग नाही.

एप्रिल 2016. त्याच पाण्यावर फ्रेंच पुरातत्त्व खात्याचं जहाज उभं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे यंत्रमानवतज्ज्ञ उसामा खतीब खुर्चीत बसलेत. तुम्ही त्यांच्या जागी बसा. समोर त्रिमितीय चित्र, दोन्ही मुठींत दोन दांडे. खाली ‘ओशनवन’ आहे, दीडेक मीटर लांबीचा यंत्रमानव: दोन डोळे, दोन हात, मागच्या धडात आठ पंखे. आणि मनगटांत बळ मोजणारे संवेदक. बोटं कशाला टेकली की तो दाब वर येतो आणि तुमच्या मुठीतला दांडा तेवढाच अडतो.

हळूच पुढे व्हा. गाळात एक छोटं मडकं आहे, पपनसाएवढं. 352 वर्षांत त्याला कोणी धरलेलं नाही. धरा. दांडा विरोध करतोय तो त्या मडक्याचा कठीणपणा आहे. जास्त दाबलंत तर तो नाहीसा होईल, मडक्यासकट. यानाचा तोल सांभाळायचं काम पंखे आपणहून करतात, तुम्ही फक्त हाताकडे बघा.

त्याच मोहिमेत ओशनवन दोन तोफांच्या मधे अडकला. पंखे जोरात फिरवावेत तर गाळ उठून समोरचं दिसेनासं होणार. खतीब यांनी मग त्याचे हात पसरले, तोफांना रेटा दिला आणि त्याला बाहेर ढकललं, पहाटे तालमीत जोर काढावेत तसं. हे नुसत्या डोळ्यांनी झालं नसतं. हेडसेटच्या जाहिराती वाचताना मला हाच प्रसंग आठवतो, कारण त्यांत पडद्याच्या ठिपक्यांची संख्या असते आणि हाताबद्दल चकार शब्द नसतो.

केबल मात्र सुटलेली नाही. खारं पाणी रेडिओलहरी काही अंतरातच गिळून टाकतं. आवाज लांब जातो, पण सेकंदाला दीडेक किलोमीटर या चालीने, आणि त्याच्या पाठीवर चलच्चित्र लादता येत नाही. तेव्हा घरगुती पाणड्रोन असो की स्टॅनफर्डचा, बहुतेकांच्या मागे शेपूट असतेच, आणि चालकाचं निम्मं लक्ष ती गुंतू नये याकडे.

शेवटची उडी 2022 मध्ये. ओशनवनचा धाकटा भाऊ आलाय, ‘ओशनवन-के’. काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेला फेस त्याच्या अंगात भरलाय, त्यामुळे तो दाबाखाली चिरडत नाही आणि बुडूनही जात नाही. कॉर्सिकाजवळ 334 मीटरवर एका रोमन जहाजाला तो भेटून आलाय, 500 मीटरच्या आसपास ‘फ्रांचेस्को क्रिस्पी’ या इटालियन आगबोटीलाही. आता कान शहराच्या समोर त्याला आणखी खाली सोडलंय. दांडे तुमच्या हातात आहेत. पडद्यावरचा आकडा 852 मीटर. नावातला ‘के’ हजार मीटरसाठी आहे. अजून 148 उरलेत.