भिंतीतल्या ओलीचा इतिहास

संपादक मंडळाने मला ‘सोसायटीची आर्थिक वाटचाल’ हा विषय दिला होता. जुने ताळेबंद काढून बसलो, आणि लक्षात आलं की पंचवीस वर्षांत आपण सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त आवाज एकाच गोष्टीपायी खर्च केला आहे. ती म्हणजे ओल. तेव्हा ओलीवरच लिहितो. आकडे वार्षिक अहवालांत आहेतच, ज्यांना हवे त्यांनी ऑफिसात येऊन पाहावेत.

बुरशी ही काही फ्लॅटबरोबर आलेली गोष्ट नाही. माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेलं. जांभ्याच्या भिंती, मातीचा गिलावा, वर कौलं. मृगाआधी घर शाकारून घ्यायचं आणि पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झड बांधायचे, म्हणजे पावसाचा मारा थेट भिंतीवर येत नसे. चूल जवळजवळ दिवसभर पेटती असे, तिचा धूर माळ्यावरून फिरून कौलांतून बाहेर जाई. तरीही श्रावणात चपलांवर हिरवट थर येईच, आणि उन्हाची तिरीप दिसली की आजी ट्रंकेतली लुगडी बाहेर काढी. ओल येणारच असं धरून ते घर बांधलेलं होतं, आणि आलेल्या ओलीला परत जायला वाट ठेवलेली होती.

मुंबईत मात्र हा प्रश्न सरकारदरबारी गेला तो प्लेगमुळे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग आला. अंधार, घाण आणि ओल यांतूनच रोग होतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून अधिकाऱ्यांनी घरांवरची कौलं काढून आत ऊन पाडलं, भिंतींना चुना फासला, आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर ‘यू.एच.एच.’ अशी अक्षरं रंगवली. लोकांना त्याचा जाच फार झाला. पुढे कळलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो, भिंतीच्या ओलीमुळे नव्हे. म्हणजे औषध चुकीच्या रोगावर दिलं, पण भिंतींना ते लागू पडणारं होतं!

१८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रकाश आणि वारा यावा म्हणून त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. साध्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच इमारतीची उंची. नोकरीला लागल्यावर १९७३ मध्ये मी काही महिने माझगावच्या बी.आय.टी. चाळीत मामांकडे राहिलो. खोली लहान, माणसं सात. पण दिवाळीआधी चुन्याचा हात ठरलेला. चुना ताजा असतो तोवर बुरशी त्यावर धरत नाही, कारण तो तीव्र अल्कली असतो. हवेने हळूहळू त्याचा जोर उतरतो, म्हणून दरवर्षी पुन्हा हात. शिवाय चुन्याची भिंत पाणी घेते तशी सोडतेही.

आपली इमारत या सगळ्या इतिहासाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. १९९९ मध्ये आपण मुलुंडला ताबा घेतला, २००० साली सोसायटी नोंदवली गेली. आर.सी.सी.चा सांगाडा, त्यात सहा इंची भिंती, बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून डिस्टेंपर, जेमतेम छज्जे आणि घट्ट बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. काँक्रीटची तुळई आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे केसासारखी भेग पडतेच. तिच्यातून पाणी आत येतं, आणि वरच्या रंगामुळे लवकर बाहेर पडू शकत नाही. मग पोपडे, लोणा, आणि शेवटी काळे ठिपके. बिल्डरने ताबा देताना ‘पहिल्या दोन पावसाळ्यांत भिंती सुकतात’ असं सांगितलं होतं. तिसरा पावसाळाही गेला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे तळमजल्याच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं, ते दोन दिवसांत ओसरलं. भिंतीत मुरलेलं पाणी मात्र दिवाळीपर्यंत निघालं नाही. खरी भांडणं तिथून सुरू झाली.

ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमची भिंत काळी पडली. घरात पाच वर्षांची मुलगी, तिला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी औषधाबरोबर ‘खोलीतली ओल आधी घालवा’ असं सांगितलं. भिंतीपलीकडे वरच्यांचं बाथरूम, त्यामुळे दोष वरच्यांचा असं सर्वांनी गृहीत धरलं. वरचे काका निवृत्त शिक्षक. त्यांनी फंडातले पैसे काढून बाथरूम उखडलं, नवा कोबा केला, लाद्या बसवल्या. पुढच्या जुलैत ओल तिथेच हजर. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. हळदीकुंकवाला जिन्यात तोंडं फिरवली जात, हे इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

२००८ मध्ये मी खजिनदार झालो, तेव्हा एका अनुभवी इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी वरच्या नाहाणीचा ट्रॅप बंद करून रंगीत पाणी दोन दिवस साठवलं. खाली रंग उतरला नाही. मग बाहेरून परांची बांधली, तर सामाईक सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा सुटलेला, आणि त्यामागे भेगेत पिंपळाचं रोप चांगलं मनगटाएवढं झालेलं! नमुना उपविधींप्रमाणे बाहेरची भिंत, सामाईक पाइप आणि गच्ची यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. संडास-बाथरूम, सिंक यांची गळती ज्याची त्याने, सोसायटीच्या विचाराने. म्हणजे काकांचा खर्च मुळात त्यांचा नव्हताच. सर्वसाधारण सभेने बराच वाद घालून निम्मी रक्कम त्यांना परत दिली. माझ्या मते पूर्ण द्यायला हवी होती, आणि तसं मत मी इतिवृत्तात नोंदवून घेतलं आहे. पैसे मिळाले, बोलणं काही सुरू झालं नाही. खालचं कुटुंब २०११ मध्ये फ्लॅट विकून गेलं.

२०१४ मध्ये पूर्ण बाहेरचा गिलावा, पाइप आणि गच्चीचं काम झालं. तरी चार-पाच घरांत बुरशी राहिलीच, आणि पुन्हा ‘काम कच्चं झालं’ अशी ओरड झाली. तेव्हा एक सोपी परीक्षा करून पाहिली. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांना चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. आतल्या अंगाला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या अंगाला धरलं तर खोलीतल्या हवेतून. तीन घरांत दव खोलीच्या अंगाला होतं. खोलीत वाळत घातलेले कपडे, दिवसभर बंद खिडक्या, भिंतीला चिकटून उभं केलेलं कपाट, रात्री एसी. कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि बाथरूमला एक्झॉस्ट लावला, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात फरक दिसला. वॉटरप्रूफिंगवाला यासाठी बोलवायला नको.

ठिपके पुसताना कोरडा ब्रश मारू नये, बुरशीची धूळ घरभर उडते. तोंडाला मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावं आणि पंख्याखाली भिंत वाळू द्यावी. ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र कधीही करू नये, विषारी वायू होतो. आणि पाण्याचं मूळ सापडण्याआधी वरून रंग देणं म्हणजे बुडीत कर्जाला नवं कर्ज देऊन खातं चालू दाखवणं. आम्ही बँकेत ते पुष्कळ पाहिलं आहे.

ऑफिसातल्या कपाटात २००९ पासून एक लांबट वही आहे. ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख घालायची, आणि फ्लॅट नंबर, कुठली भिंत, पाऊस किती दिवसांचा, एवढं वहीत लिहायचं. रेघेबाहेर ओल किती सरकली हे मग आठवड्याने कळतं. यंदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं आहे, तेव्हा इंजिनिअरना मी आधी ती वही देणार आहे. बी विंगच्या पानांवर गेल्या दोन वर्षांत कोणी काही लिहिलेलं नाही. जिन्यातली ओल मात्र मला जाता-येता दिसते.