पडदी भिंत व वरच्या स्लॅबचा सांधा

आरसीसी सांगाड्यातील, भार न पेलणारी विटांची वा ब्लॉकची भिंत आणि तिच्यावरचा स्लॅब किंवा तुळई यांमधील जोड. स्लॅब वर्षानुवर्षे थोडाथोडा वाकत राहतो. पडद्या उभारल्यानंतरच्या वाकाला आयएस ४५६ ही काँक्रीट बांधकामाची भारतीय मानक संहिता गाळ्याच्या १/३५० किंवा २० मिमी, यांपैकी कमी असेल ती मर्यादा घालते. घाईत गवंडी शेवटच्या थरावर विटांचे तुकडे व मसाला ठासतो. मग भार नको त्या भिंतीवर उतरतो आणि गिलाव्याला तडे जातात. म्हणून वर फट राखून ती दबणाऱ्या पदार्थाने भरतात. पण माथा नुसता मोकळा सोडणे धोक्याचेच, कारण भूकंपात अशी भिंत आडवी कोसळते. स्लॅबला बसवलेल्या पोलादी कोनपट्ट्या तिला दोन्ही अंगांनी धरतात. पट्टी भिंतीला मात्र जखडत नाहीत, म्हणजे स्लॅब खाली यायला मोकळा राहतो.