स्फटिक दाबून पाहण्याची विद्या

काठिण्य मोजण्याची सुरुवात ओरखड्यापासून झाली. १८१२ मध्ये खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा खनिजं ओळीने मांडली. जो दगड दुसऱ्यावर ओरखडा काढेल, तो अधिक कठीण. यातून क्रम कळायचा, माप नाही. माप आलं १९०० मध्ये, स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी पोलादी गोळी धातूवर दाबून उमटलेला खळगा मोजला तेव्हा. पुढे गोळीच्या जागी हिऱ्याचं टोक आलं, पण रीत तीच राहिली: दाबायचं, उचलायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली खूण मोजायची.

औषधांचे आणि इतर सेंद्रिय संयुगांचे स्फटिक या रीतीला जुमानत नव्हते. त्यांतले रेणू एकमेकांना दुर्बल आकर्षणानेच धरून असतात. स्फटिक इवलासा, आणि भार जरा वाढला की तडकणारा.

ही अडचण नॅनोइंडेंटेशनने सोडवली. १९९२ मध्ये वॉरन ऑलिव्हर आणि जॉर्ज फार यांनी जी पद्धत मांडली, तीत खूण बघावीच लागत नाही. तीन पैलूंचं हिऱ्याचं टोक अगदी हलक्या भाराने आत शिरतं आणि यंत्र क्षणोक्षणी भार व खोली नोंदवत जातं. भार काढताना आलेख ज्या उताराने खाली येतो, त्यावरून पदार्थाचा ताठरपणा निघतो. कमाल भाराला टोकाखालच्या क्षेत्रफळाने भागलं की काठिण्य.

रेण्वीय स्फटिकांसाठी हे तंत्र रुजवण्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेव्हा असलेल्या गौतम देसिराजू आणि उपद्रष्टा राममूर्ती यांच्या गटांचा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये त्यांनी सॅकरीनचा स्फटिक दोन वेगवेगळ्या पृष्ठांवर दाबला. एका पृष्ठावर आलेख सलग चढला. दुसऱ्यावर टोक मध्येच गचकन खाली जात होतं, कारण आतले रेणूंचे थर एकमेकांवरून घसरत होते. स्फटिक एकच, पण दिशा बदलली की स्वभाव वेगळा.

पाठोपाठ २०११ मध्ये अ‍ॅस्पिरिनची दोन स्फटिकरूपं तपासली गेली. त्यांची रचना इतकी सारखी, की दुसरं रूप स्वतंत्र आहे का यावरच वाद झाला होता. हिऱ्याच्या टोकाने दोन्हींची वेगवेगळी मापं दिली. अस्थिर असलेलं दुसरं रूप घोटलं, की थर सरकून झपाट्याने पहिल्यात बदलतं, हेही त्या अभ्यासात दिसलं.

औषध कारखान्यात पूड दळली जाते, दाबली जाते, तिच्या गोळ्या होतात. तिथे ती कशी वागेल, याचा अंदाज आता एका कणावरूनही बांधता येतो. मोजमापाने विज्ञान पुढे जातं ते असं.