बर्गी ते पाहुणा : बंगालच्या पानावरची भाषा

बंगाली माणूस भात खातो, तसेच पाणी, चहा आणि सिगारेटही 'खातो'. मराठी कानांना हा प्रयोग प्रथम गमतीचा वाटतो. पण मार, शिव्या, हवा आणि पैसे खाणाऱ्या मराठीला त्याचे फार नवल वाटू नये. परक्या प्रांतात शिरण्याची वाट अशा रोजच्या शब्दांतूनच जाते. मराठी माणसाला बंगालमध्ये ती कशी सापडली, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

त्याची तेथली पहिली मोठी ओळख अन्न हिरावणारा म्हणून झाली. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहात नबाब अलिवर्दीखानाने वार्षिक बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, तेव्हा त्या थांबल्या. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो 'बारगीर'. बंगालीत त्याचा 'बर्गी' झाला आणि थेट अंगाईत जाऊन बसला. त्या अंगाईत बर्गी, धान्य खाणारी पाखरे आणि थकलेला सारा एकत्र येतात. आमच्या बखरींना स्वारीचे यश दिसले. अंगाईला रिकामे कोठार दिसले.

पुढे कंपनीच्या काळात विल्यम केरीने १८०१ मध्ये 'कथोपकथन' हे बंगाली संवादांचे पुस्तक सिद्ध केले. बाजारहाट, नोकरचाकर, बायकांची भांडणे अशी बोलती भाषा त्यात आहे. याच केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. या खटाटोपाचे मोल मोठेच. पण नव्या अधिकाऱ्यांना ही भाषा हवी होती ती मुख्यतः कारभारासाठी. हुकूम सोडण्यासाठी शिकलेली भाषा आणि पंगतीला बसण्यासाठी शिकलेली भाषा यांत अंतर असते.

हे अंतर सखाराम गणेश देउस्करांनी ओलांडले. देवघर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातला हा लेखक बंगालीत लिहू लागला. १९०४ च्या 'देशेर कथा'त त्यांनी ब्रिटिश राज्यातील आर्थिक लुटीचा हिशेब मांडला. १९१० मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. लुटीची आठवण मागे ठेवून गेलेल्यांच्या वंशातला माणूस लुटीविरुद्ध बंगालीत बोलत होता, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पुढे पु. ल. देशपांडे पन्नाशीनंतर बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात गेले. 'वंगचित्रे' हे त्या विद्यार्थिदशेचे फळ.

विद्यार्थ्याला पानावरही शिकावे लागते. मीठ-लिंबापासून कोशिंबिरीपर्यंत सारे आरंभीच वाढण्याची आपली रीत. बंगाली जेवण मात्र क्रमाने उलगडते : आधी कडवट शुक्तो, मग डाळ, भाज्या, मासा, चटणी शेवटाकडे, आणि तीही गोड. मराठी बोलीत लबाडीचा वास येणारा 'झोल' तेथे माशाचा पातळ, सात्त्विक रस्सा असतो. शब्दकोश घेऊन बसणाऱ्याला हे कळते. पानावर बसणाऱ्याला ते रुचते.

निरोप घेताना बंगाली माणूस 'जातो' म्हणत नाही. 'आशि', म्हणजे 'येतो' म्हणतो. मराठीतही हीच रीत आहे. पण बंगालच्या उंबऱ्यावर तो शब्द विश्वासाने ऐकला जावा, यासाठी मराठी माणसाला दीड-दोन शतके घालवावी लागली.