चीनपर्यंत जावे असे तेथे काय होते?

आमच्या शाळेत जिन्याजवळच्या भिंतीवर काही सुवचने रंगवलेली आहेत. त्यात इल्म मिळवा, त्यासाठी चीनला जावे लागले तरी जा, अशा अर्थाचे एक वाक्य उर्दूत आहे. वार्षिक संमेलनात आलेला प्रत्येक पाहुणा ते हमखास उच्चारतो. मुलांच्या तर ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याकडे कोणी पाहतही नाही. पण एकदा सातवीतल्या एका मुलीने तासाला उठून विचारले, "टीचर, चीन में ऐसा क्या था?" मी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले : कागद, छपाई, होकायंत्र, रेशीम, बारूद. तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "वो तो सामान हुआ टीचर. इल्म कौनसा था?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. बी.एड.ला आम्हाला रूसो होता, फ्रोबेल होता, जॉन ड्यूई होता. गांधीजींची नई तालीम होती. चीनचा एकही शिक्षक नव्हता. तेव्हापासून सवड मिळेल तसे वाचत गेले. त्यातले काही येथे मांडते आहे.

प्रथम त्या वाक्याविषयी. ते हदीस म्हणून सांगितले जाते, पण हदीसच्या जाणकारांनी त्याला कधी भक्कम मानले नाही. इमाम बैहकींनी मजकूर प्रसिद्ध असला तरी सनद कमजोर असल्याचे नोंदवले. बाराव्या शतकातल्या इब्न अल-जौझींनी तर ते बनावट हदीसींच्या संग्रहात घातले. म्हणून मी मुलांना सांगते की वाक्य चांगले आहे, आवडू द्या, मात्र प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तोंडी ते ठामपणे घालू नका. एवढे झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. हे वाक्य ज्यांनी शतकानुशतके जपले, त्या मुसलमानांना परक्या मुलखात, परक्या धर्माच्या लोकांकडे शिकण्यासारखे काही असते, असे वाटत होते. आज आपल्यातल्या किती जणांना तसे वाटते?

चीनचा आद्य शिक्षक म्हणजे कन्फ्यूशियस. इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ हा त्याचा काळ मानतात. म्हणजे ढोबळमानाने तो गौतम बुद्धांच्या जवळपासचा. लू नावाच्या लहानशा राज्यात तो जन्मला. बाप लवकर गेला, बालपण ओढगस्तीत गेले. राजदरबारी मोठे पद मिळावे म्हणून तो अनेक वर्षे राज्याराज्यांतून फिरला आणि बहुतेक ठिकाणी निराश झाला. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला असे अभ्यासक मानत नाहीत. त्याचे बोलणे शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी जमवले, तोच ‘लुन-यू’ हा संवादसंग्रह. हदीसची परंपरा माहीत असलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

मला शिक्षिका म्हणून या माणसाचे वर्ग फार आवडले. सुकवलेल्या मांसाची एक जुडी, एवढीच किरकोळ भेट घेऊन येणाऱ्यालाही तो शिष्य करून घेई. शिकवताना कुळ पाहायचे नाही, हे त्याचे तत्त्व. एका कोपऱ्याची कल्पना दिली आणि विद्यार्थ्याने उरलेले तीन कोपरे स्वतः शोधले नाहीत, तर तो पुढे शिकवत नसे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणातून ‘ज्ञानरचनावाद’ शिकवला गेला, जणू तो कालच्या गाडीने आला होता! आणखी एक प्रसंग पाहा. दोन शिष्यांनी एकच प्रश्न विचारला : चांगली गोष्ट कानावर आली की ती लगेच करावी काय? एकाला त्याने थांबायला, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला सांगितले. दुसऱ्याला म्हणाला, लगेच कर. तिसरा शिष्य गोंधळला. तेव्हा उस्तादांनी खुलासा केला की पहिला उतावळा आहे म्हणून त्याला मागे ओढले, दुसरा बुजरा आहे म्हणून पुढे ढकलले. साठ मुलांच्या वर्गात हे कसे साधायचे ते मात्र त्याने सांगितलेले नाही.

त्याच्या शिकवणीत दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. एक ‘रेन’, म्हणजे माणुसकी, आपली इन्सानियत. दुसरा ‘ली’. इंग्रजी पुस्तके त्याचा अर्थ विधी, कर्मकांड असा देतात आणि मग सगळे रूक्ष वाटू लागते. मला वाटते, आपला ‘अदब’ हा शब्द ‘ली’च्या अधिक जवळ जातो. मोठ्यांसमोर कसे बसावे, पाहुण्याला काय द्यावे, मयताला कसे निरोप द्यावे, हे सगळे अदबीत येते आणि त्यातून आतले माणूसपण घडते. त्याचा लाडका शिष्य यान हुई गरीब गल्लीत राहत असे. वाटीभर अन्न आणि भोपळ्याच्या तुंब्यातले पाणी एवढ्यावर त्याचे भागे, तरी शिकण्यातला त्याचा आनंद ओसरला नाही. गल्लीतल्या अशा मुलांना मी शिकवते, त्यामुळे या गोष्टीपाशी थांबले. यान हुई तरुणपणीच वारला आणि एरवी संयमाचे धडे देणारा गुरू इतका रडला की शिष्यांना ते अति वाटले.

सगळेच पटण्यासारखे नाही. स्त्रियांविषयी कन्फ्यूशियसच्या तोंडी एक कडवट शेरा आहे, तो वाचून पुस्तक मिटावेसे वाटते. त्याच्या शिष्यवर्गात एकही स्त्री नाही. पण त्याच्या परंपरेतला पुढचा मोठा विचारवंत मेन्शियस, याची कथा सुरू होते ती त्याच्या विधवा आईपासून. तिचे घर कबरस्तानाजवळ होते, तर पोरगा मयतीचा खेळ खेळू लागला. बाजाराजवळ गेली, तर तो फेरीवाल्यांसारखा ओरडू लागला. शेवटी तिने शाळेजवळ घर घेतले. आणि मुलगा अभ्यास टाकून आला, तेव्हा मागावर विणत आणलेले कापड तिने कापून टाकले. अर्धवट शिक्षण असे असते, हे दाखवायला. मालेगाव-भिवंडीच्या मोमीन घरांत मागावरचे कापड कापणे म्हणजे काय, हे सांगायला नको. पुण्यात गेल्या तीसेक वर्षांत किती कुटुंबे पेठांतून, कॅम्पातून कोंढव्याकडे सरकली. त्यातल्या कितीतरी आया शाळेचे अंतर पायांनी मोजून घर ठरवतात. मेन्शियसचे नाव त्यांनी ऐकलेले नसते.

मेन्शियसचे म्हणणे, माणूस मुळात भला असतो. विहिरीत पडू पाहणारे मूल दिसले तर कोणाचेही काळीज हलते, हा त्याचा दाखला. पुढे श्युन-त्झू नावाच्या विचारवंताने याच्या उलट सांगितले : माणूस मुळात स्वार्थी, शिक्षणानेच तो सुधारतो. शिक्षकांच्या खोलीत हा वाद रोज चालतो. पहिल्या तासाला आम्ही मेन्शियसच्या बाजूचे असतो, शेवटच्या तासाला श्युन-त्झूच्या.

चीनचे आणि आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. सातव्या शतकात, इ.स. ६४१च्या सुमारास ह्यूएनत्संग महाराष्ट्रात आला. गादीवर चालुक्य पुलकेशी होता. येथील लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे आणि विद्येची आवड असलेले आहेत, असे त्याने नोंदवले. हे वर्णन आपण अभिमानाने सांगतो. पण ते करणारी नजर लहानपणी बापाकडून कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकलेल्या भिक्षूची होती. कृतज्ञता, लाज, विद्या या मापांनी तो माणसे मोजत होता, असे मला वाटते.

आणि पुण्याचे म्हणाल तर येथे उलट दिशेचा प्रवास झाला. फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद कोसंबी पाली शिकवत. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे चिनी भाषा शिकले. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध साधनेवरचा ग्रंथ मूळ रूपात आपल्याकडून हरवला होता; सहाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या चिनी भाषांतरात तो टिकून होता. बापटांनी ते चिनी पाठ्य ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून अभ्यास केला आणि १९३७ साली पुण्यातून प्रसिद्ध केला. पुढे १९७०मध्ये जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्यासह त्यांनी केलेले आणखी एका चिनी ग्रंथाचे भाषांतर भांडारकर संस्थेने काढले. आपले हरवलेले पुस्तक परक्याच्या घरी सापडते, ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा ती मुलगी गालातल्या गालात हसली.

पण माझ्या दृष्टीने खरे उत्तर याहून पुढे होते. चीनमध्ये राहणाऱ्या मुसलमानांनी या विद्येचे काय केले?

सोळाव्या शतकात शान्शी प्रांतात हू डेंगझोऊ (१५२२–१५९७) नावाचे उस्ताद होऊन गेले. आपल्या लोकांना अरबी-फारसी येईनाशी झाली, धर्म विसरत चालला, हे पाहून त्यांनी घरीच मुले शिकवायला घेतली. त्यातून मशिदीतल्या मदरशांची एक पद्धतच उभी राहिली. त्या अभ्यासक्रमात कोणते पुस्तक होते माहीत आहे? शेख सादींचे ‘गुलिस्तान’! जे दख्खनच्या मदरशांत आपल्या पणजोबांनी गिरवले तेच. तेथील इमामाला ‘आहोंग’ म्हणतात. तो फारसीतला ‘आखुंद’.

नंतरच्या पिढ्यांनी त्याहून धाडसाचे काम केले. नानजिंगचे वांग दाय्यू यांनी १६४२च्या सुमारास इस्लामची ओळख करून देणारा ग्रंथ थेट चिनी भाषेत, चिनी पंडितांच्या शैलीत प्रसिद्ध केला. त्याच शहरातले लियू झी (जन्म १६६०च्या सुमारास) यांनी तर आयुष्यच यात घातले. त्यांनी स्वतःच्या शिक्षणाचा हिशोब मांडला आहे : आठ वर्षे कन्फ्यूशियसची परंपरा, सहा वर्षे इस्लामी ग्रंथ, तीन वर्षे बौद्ध, एक वर्ष ताओ मताचे. मग ते लिहायला बसले. इस्लामचे पाच स्तंभ त्यांनी ‘पाच साधना’ म्हणून मांडले आणि त्यांच्या शेजारी कन्फ्यूशियसच्या परंपरेतली माणसामाणसांतली पाच नाती ठेवली : पती-पत्नी, बाप-लेक, राजा-प्रजा, भाऊ-भाऊ, मित्र-मित्र. पहिली पाच अल्लाहकडे नेणारी, दुसरी पाच माणसांत राहायला शिकवणारी. प्रेषितांच्या चरित्राला नाव देताना त्यांनी ‘परमज्ञानी’ अशा अर्थाचा शब्द वापरला, आणि चिनी लोक हा शब्द कन्फ्यूशियससाठी वापरत आले होते. अल्लाहला ते ‘खरा धनी’ अशा अर्थाच्या चिनी नावाने संबोधतात. तौहीदला त्यांनी कोठेही धक्का लावला नाही. बदलली ती भाषा.

वांग दाय्यूंचा ग्रंथ १६४२चा. आता आपल्याकडे या. श्रीगोंद्याचे शेख महंमद, कादिरी परंपरेतले सूफी, यांचा ‘योगसंग्राम’ शके १५६७चा, म्हणजे १६४५चा. एक नानजिंगमध्ये, एक अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. एकमेकांचे नावही कानावर जाण्याची शक्यता नाही. दोघेही शेजाऱ्याच्या धर्मपरिभाषेत आपले म्हणणे मांडत होते, अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने. शेख महंमदांची वाट लियू झींच्या वाटेपेक्षा वेगळी आहे. ते वारकऱ्यांच्या इतके आत गेले की संतमालिकेत बसले. पण नड तीच होती. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपल्याला दोन्हीकडून हटकले गेले : मुसलमान असून मराठी कशाला, आणि मराठी लिहिता तर मुसलमान म्हणून वेगळे कशाला? उर्दू माध्यमात शिकवून मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रश्न अजूनही विचारला जातो.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. लियू झींनी चिनी वळण स्वतः निवडले, कोणी हुकूम केला म्हणून नव्हे. अलीकडच्या वर्षांत चीन सरकारने ‘धर्माचे चिनीकरण’ ही मोहीम चालवली. निंग्शियातल्या वेइझोऊच्या मोठ्या मशिदीवरून २०१८मध्ये, युन्नानमधल्या नाजियायिंगच्या मशिदीवरून २०२३मध्ये स्थानिक मुसलमान निदर्शनांना उतरले; घुमट आणि मिनार हटवण्याला त्यांचा विरोध होता. शिनजियांगमधल्या उइगुरांची कथा तर याहून भयंकर आहे. शेजाऱ्याची भाषा प्रेमाने उचलणे निराळे आणि आपली जीभ कापून घेणे निराळे. आपल्याकडेही ‘मुख्य प्रवाहात या’ म्हणणारे हा फरक करत नाहीत.

स्त्रियांचे राहिलेच. मध्य चीनमध्ये फक्त स्त्रियांसाठी मशिदी आहेत आणि त्यात स्त्री आहोंग स्त्रियांना शिकवतात. कायफेंगच्या वांगजिया गल्लीतली अशी मशीद १८२०ची सांगतात. लुन-यू वाचून मिटलेले पुस्तक मी यामुळे पुन्हा उघडले.

हे सगळे मुलांना एका तासात सांगणे शक्य नव्हते. चिनी मुसलमानांत ‘मा’ हे आडनाव फार आढळते, मुहम्मद नावाच्या पहिल्या अक्षराची आठवण म्हणून ते घेतले असे सांगतात, आणि चिनीत त्याचा अर्थ घोडा, एवढे सांगताच वर्गात गोंधळ उडाला. मग मी त्यांना सांगितले की ज्यांना चिनी चित्रलिपी येत नसे ते मदरशातले विद्यार्थी चिनी बोली अरबी अक्षरांत लिहीत, जेर-जबर-पेश लावून. मुलांना ते खरे वाटेना. मी खडू घेतला आणि फळ्यावर उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, एक साधे मराठी वाक्य लिहिले : आमच्या गल्लीत आज पाणी आले नाही. क्षणभर सगळे अडखळले. मग तीच मुलगी बोट ठेवत ठेवत, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचू लागली.